लहान मुलांना इंग्रजी शिकवण्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, नोकरी सांभाळून (नाशिक): माहिती हवी आहे

खडूडस्टर (मूळ धागा)

नमस्कार मंडळी,

बी.ए. (इंग्रजी) आणि डी.एड. झालंय. इंदिरानगर भागातल्या एका सेमी-इंग्रजी शाळेत पहिली-दुसरीला इंग्रजी शिकवते. वर्गात ४२ मुलं, ३५ मिनिटांचा तास. आता लहान मुलांना इंग्रजी शिकवणं हाच विषय धरून पदव्युत्तर पातळीचं काहीतरी करायचं आहे. नोकरी सोडता येणार नाही, त्यामुळे थोडं ऑनलाइन, थोडं समोरासमोर असं ब्लेंडेड हवं. कॉलेज रोडवर आणि मोबाइलवर जाहिराती ढिगाने दिसतात, पण त्यातलं खरं किती हे कळत नाही.

विचारायचं ते असं:

१. डिप्लोमा, सर्टिफिकेट, एम.ए. यांत नेमका फरक काय आणि मान्यता कशी तपासायची?
२. प्रात्यक्षिक, म्हणजे वर्गात शिकवण्याचा भाग, ब्लेंडेडमध्ये कसा होतो? त्यात लोक कुठे अडकतात?
३. आठवड्याला खरोखर किती तास लागतात?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

गोदातीर

ताई, सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी काढून ठेवा. शिक्षक म्हणून नेमणुकीची पात्रता आणि या विषयातलं कौशल्य यांचे हिशोब वेगळे आहेत. पहिली ते पाचवीसाठी डी.एड./डी.एल.एड. आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर १ (१५० प्रश्न, १५० गुण, खुल्या गटाला ६० टक्के) लागतो. इंग्रजी अध्यापनाचा कुठलाही पदव्युत्तर डिप्लोमा त्याची जागा घेत नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी आहे अशा सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास होणं आलं. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे गेला. टीईटी बाकी असेल तर आधी ती उरका, मग हे.

आता मान्यता. दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांवर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२० चे नियम लागू आहेत. मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नाही, ती अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक मिळते. म्हणून 'विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे' या वाक्याला काडीची किंमत नाही. यूजीसीच्या डीईबी (दूरस्थ शिक्षण विभाग) पोर्टलवर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि तुमचं सत्र या तिन्ही गोष्टी एका ओळीत दिसल्या पाहिजेत. प्रवेशासाठी डीईबी आयडी तुमचा तुम्हालाच काढायचा असतो, तो एबीसी आयडीला (क्रेडिट जमा होणाऱ्या तुमच्या खात्याला) जोडला जातो. तो 'आम्ही काढून देतो' असं कुणी म्हणालं तर लॉगिन त्याच्या हाती देऊ नका.

दुसरं म्हणजे दूरस्थ शिक्षणात फ्रँचायझीला परवानगी नाही. कॉलेज रोडवरच्या क्लासने परराज्यातल्या विद्यापीठाचा बोर्ड लावला असेल तर अभ्यास केंद्र म्हणून त्याचं नाव विद्यापीठाच्या स्वतःच्या यादीत आहे का, ते पाहा. राज्य विद्यापीठांना आपल्या हद्दीबाहेर केंद्रं चालवता येत नाहीत हेही ध्यानात असू द्या.

क्रेडिटचा हिशोब अनेकांना फसवतो. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ब्रिटनमध्ये एक क्रेडिट म्हणजे १० तास. तिकडचं पीजी सर्टिफिकेट ६०, डिप्लोमा १२० आणि एम.ए. १८० क्रेडिटचं असतं, म्हणजे तासांत ६००, १२०० आणि १८००. तेव्हा '६० क्रेडिट' ऐकून हुरळू नका, आपल्या मापात ते २० होतात. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे: ६०० तास एका वर्षात म्हणजे आठवड्याला साडेअकरा. दिवाळी, परीक्षा, लग्नसराई वजा केलीत तर उरलेल्या आठवड्यांत १४-१५ धरा. एम.ए. दोन वर्षांत करायचं तर आठवड्याला १७ तास, तेही सुट्टी न घेता. शाळा सांभाळून तीन वर्षांचा पर्याय मिळत असेल तर तोच घ्यावा.

देशातले पर्याय थोडक्यात. हैदराबादच्या इफ्लूचं (इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठाचं) पीजीसीटीई (इंग्रजी अध्यापनाचं पदव्युत्तर सर्टिफिकेट) आणि त्यानंतरचं पीजीडीटीई (डिप्लोमा) दूरस्थ पद्धतीने, मध्ये संपर्क वर्ग. इंग्रजी अध्यापनाचं, विशेषतः उच्चारशास्त्राचं शिक्षण तिथे कसून होतं, पण ते सगळ्या वयोगटांसाठी आहे, सहा वर्षांच्या मुलाकडे खास वळलेलं नाही. इग्नूचा बालसंगोपन आणि शिक्षणाचा डिप्लोमा लहान मुलांचा आहे, पण तो बारावीनंतरचा आहे आणि इंग्रजीचा नाही. आपल्या गंगापूर धरणाजवळच्या मुक्त विद्यापीठाचं बी.एड. सेवेतल्या शिक्षकांसाठी आहे. बी.एड. म्हणून उत्तम, पण तुम्ही विचारताय ते हे नव्हे. 'लहान मुलं' आणि 'इंग्रजी' ही दोन्ही टोकं नावातच असलेले पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुतेक परदेशी विद्यापीठांचे आहेत. तिकडची ऑनलाइन पदवी इथल्या सरकारी किंवा अनुदानित नोकरीत समकक्ष धरली जाईल असं गृहीत धरू नका. पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. खासगी शाळा आणि प्रशिक्षण संस्था ती मानतात, तो वेगळा बाजार आहे.

२०२२ पासून यूजीसीने दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला मुभा दिली आहे. एक नियमित आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन असं चालतं.

---

सातपूरकर

ती १२० तासांची 'टेफल' (इंग्रजी परभाषा म्हणून शिकवण्याची) प्रमाणपत्रं मोबाइलवर सारखी येतात, पाचशे-हजार रुपयांत. ती पदव्युत्तर सोडाच, बहुतेकांत एकही मूल समोर नसतं. नुसते व्हिडिओ आणि बहुपर्यायी प्रश्न. १२० हा आकडा सेल्टाच्या (केंब्रिजच्या इंग्रजी शिक्षक-प्रशिक्षण प्रमाणपत्राच्या) संपर्क तासांशी जुळतो म्हणून वजनदार वाटतो, इतकंच.

---

फळ्यापलीकडे

गोदातीर यांच्याशी सहमत. प्रश्न २ बद्दल लिहितो, कारण अभ्यासक्रमाची खरी परीक्षा तिथेच होते.

माहितीपुस्तिका हातात आली की विषयांची यादी नंतर वाचा. आधी हे शोधा: तुम्ही शिकवत असताना बघणार कोण, किती वेळा, आणि समोर कोणत्या वयाची मुलं असणार. मोजपट्टी म्हणून सेल्टा घ्या. तो पदव्युत्तर नाही (ब्रिटनच्या चौकटीत पातळी ५, पदव्युत्तर म्हणजे पातळी ७) आणि मुळात मोठ्यांना शिकवण्यासाठी आहे. तरी त्यात ६ तासांचं निरीक्षणाखालचं अध्यापन, अनुभवी शिक्षकांचे ६ तास बघणं आणि चार लेखी स्वाध्याय सक्तीचे आहेत. ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तुमचं अध्यापन कुणीच बघत नाही, तो भाषाशास्त्राचा चांगला अभ्यासक्रम असू शकेल, प्रशिक्षण नव्हे. परदेशी एम.ए.मध्ये असे बरेच असतात, त्यांचं गृहीतक असतं की उमेदवार आधीच प्रशिक्षित आहे. तुमचं डी.एड. असल्याने ते चालू शकेल, पण माहीत असून घ्या.

प्रवेशाआधी ईमेलने विचारायचे प्रश्न: निरीक्षण प्रत्यक्ष, थेट व्हिडिओवर की रेकॉर्डिंगवर? आपल्या शाळेतला वर्ग चालेल का? ४२ मुलांचा वर्ग चालेल का? (हे विचाराच. काही ठिकाणी निकष १२-१५ मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात.) अभिप्राय किती दिवसांत येतो? आणि एक पाठ नापास झाला तर पुन्हा संधी आहे का, तिचे वेगळे पैसे पडतात का? या प्रश्नांना सरळ उत्तर न देता जो 'समुपदेशक' तुम्हाला फोन करतो, तो विक्रेता आहे.

आता निरीक्षणात लोक कुठे अडकतात. तीन जागा ठरलेल्या आहेत.

पहिली, सूचना. 'ओके चिल्ड्रन, नाऊ व्हॉट आय वाँट यू टू डू इज...' इथपर्यंत पोचेतो मागचे दोन बाक गळालेले असतात. सूचना चार-पाच शब्दांची, एका वेळी एकच, आणि शब्दाआधी कृती. पुस्तक हातात धरून उघडून दाखवा, मग म्हणा: 'ओपन युवर बुक्स.' थांबा. 'पेज टेन.' दहा बोटं दाखवा. 'समजलं का?' असं विचारूच नका, अख्खा वर्ग 'हो' म्हणतो. त्याऐवजी 'बुक ऑर नोटबुक?' असं विचारा. चुकीचं उत्तर आलं तर लगेच कळतं.

दुसरी, वेळ. ३५ मिनिटांचा तास कागदावर. हजेरी, पाण्याची बाटली, हरवलेला खोडरबर यात पाच-सहा मिनिटं जातात. २८ मिनिटांचाच आराखडा करा. या वयात एक कृती पाच ते सात मिनिटं टिकते, कथा असेल तर दहा. शिवाय उसळवणारी कृती आणि बसवणारी कृती आलटून पालटून हव्यात. अभिनयगीतानंतर लगेच दुसरं अभिनयगीत घेतलं की वर्ग हातातून जातो, आणि निरीक्षक नेमका तिथे 'वर्ग नियंत्रण कमी' असं लिहितो. दोष नियंत्रणाचा नसतो, क्रमाचा असतो. गीतानंतर चित्र रंगवणं, ऐकून खूण करणं असं काहीतरी ठेवा.

तिसरी, बाक. प्रशिक्षणाच्या व्हिडिओत मुलं सतरंजीवर गोल बसलेली असतात. ४२ मुलं, तीन रांगा आणि जड बाक असताना गोल करायला जाल तर सात मिनिटं आणि एखादं रडू. रांगांनाच गट करा. टीपीआर, म्हणजे जेम्स ॲशरची आज्ञा ऐकून हालचाल करण्याची पद्धत, जागेवर उभं राहून उत्तम होते: स्टँड अप, टर्न अराउंड, टच युवर बॅग, पॉइंट टू द डोअर. क्रम मात्र पाळा: आधी तुम्ही करून दाखवा, मग मुलांसोबत करा, मग तुम्ही हात बांधून फक्त बोला. त्यानंतर क्रम बदला, आणि शेवटी कधीच न ऐकलेली जोडणी द्या: 'पुट युवर पेन्सिल अंडर युवर बॅग.' शेवटची पायरी गाळली तर मुलं भाषा ऐकतात की शेजाऱ्याला बघून हलतात, हे कळायला मार्ग नाही. पाठटाचणात ही पायरी लिहिलेली दिसली की निरीक्षकाला तुमची समज दिसते.

एका पाठात नवे शब्द सहा ते आठ. बालभारतीच्या पुस्तकात पानावर चित्रं जास्त आहेत म्हणून सगळेच शब्द त्याच दिवशी घ्यायची गरज नाही.

---

उच्चारप्रेमी

फोनिक्सबद्दल, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडून वाचायला शिकवण्याबद्दल, कुणी लिहिलं नाही म्हणून. या अभ्यासक्रमांत ध्वनी आणि वाचन यावर एक अख्खा घटक असतो, आणि त्यातली उदाहरणं इंग्रजी मातृभाषेच्या मुलांवरून घेतलेली असतात. आपल्या मुलांची अडचण वेगळ्या जागी आहे.

मराठी मूल बाराखडीतून येतं. त्याच्या लेखी 'ब' हा एक घटक आहे आणि त्यात 'अ' आधीच मिसळलेला आहे. इंग्रजी 'बी' अक्षराचा ध्वनी आपण 'ब' असा पूर्ण सांगितला की मूल 'बअ-ॲ-टअ' म्हणतं आणि त्याचा 'बॅट' होत नाही. शिक्षकाला वाटतं मुलाला जोडणी जमत नाही. खरं तर त्याला दिलेले तुकडेच जोडण्याजोगे नाहीत.

उपाय असा. पहिल्यांदा ताणता येणारे ध्वनी घ्या: स्स्स, म्म्म, न्न्न, फ्फ्फ. यांच्यामागे 'अ' चिकटत नाही, कारण ध्वनी चालू असतानाच पुढच्यात सरकता येतं. प्, ट्, ब् हे तुटक ध्वनी नंतर, आणि म्हणताना मूठ पटकन मिटायची: मूठ मिटली की आवाज बंद. दुसरीच्या मुलांना पाय मोडलेलं अक्षर ओळखीचं झालेलं असतं, तिथे फळ्यावर प् आणि प शेजारी लिहून दाखवता येतं. पहिलीला मूठ पुरते.

बहुतेक फोनिक्स पद्धती एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी सुरू होतात. कारण साधं आहे: एवढ्यातून सॅट, पिन, टॅप, निप, सिट, अँट असे पुष्कळ शब्द तयार होतात. क्रम ठीक आहे, पण अक्षर दाखवण्याआधी दोन-तीन आठवडे नुसता कानाचा खेळ घ्या. 'म्म्म-ॲ-ट्, सांगा काय?' रोज पाच मिनिटं, दहाच्या वर नाही. कानाने जोडता आलं नाही तर डोळ्याने जोडता येणार नाही.

स्वरांत 'ॲ' आपल्याला सोपा, बॅट-बॉल सगळ्यांच्या तोंडी आहे. गोंधळ होतो तो पेन आणि पॅन यात, आणि शिप-शीप यात. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहितो, पण बोलताना ते शब्दातल्या जागेवरून ठरतं, म्हणून मुलाचा कान तो फरक धरत नाही. जोड्या ऐकवून एक बोट-दोन बोटं असा खेळ घ्यावा. व्ही आणि डब्ल्यू यांच्या मागे मात्र पहिलीत लागू नका, त्याने अर्थ फारसा अडत नाही.

आणि कृपा करून इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहून देऊ नका. मूल वरचंच वाचतं, खालच्या अक्षरांकडे बघायचं त्याला कारणच उरत नाही. पालकांच्या सोयीसाठी हवं असेल तर वेगळ्या कागदावर द्या.

---

पेठरस्ता

उच्चारप्रेमी यांचं मराठी मुलांबद्दलचं निदान बरोबर आहे, पण फोनिक्सला एवढ्या लवकर एवढं वजन देण्याला माझा विरोध आहे. पहिलीच्या मुलाला सॅट, निप, टॅप हे शब्द वाचता आले तरी त्यांचा अर्थ त्याच्या कानावर कधी पडलेलाच नसतो. इंग्रजी घरातलं मूल 'टॅप' वाचतं तेव्हा तो शब्द त्याने हजारदा ऐकलेला असतो. आपल्याकडे वाचन पुढे आणि भाषा मागे अशी उलटी गाडी होते. पहिले सहा महिने कथा, कृती, आणि अख्खी वाक्यं: 'मे आय कम इन', 'गिव्ह मी द रेड वन', 'इट्स माय टर्न'. मूल ती फोडून बघत नाही आणि बघायची गरजही नसते. वाक्यांची फोड नंतर आपोआप होते. भाषाशिक्षणतज्ज्ञ स्टीफन क्रॅशनने ज्याला मौन काळ म्हटलं, तोही धरून चाला. मूल बोलत नाही म्हणजे शिकत नाही असं नव्हे. टीपीआरमध्ये बरोबर हलतंय ना, ते पाहा.

दुसरं, नाशिक जिल्ह्यात 'मातृभाषा मराठी' हे गृहीत धरून स्वाध्याय लिहू नका. पेठ-सुरगाण्याकडे घरात कोकणा, डांगी. बागलाण, कळवण, मालेगावकडून आलेल्या घरांत अहिराणी, आणि ती सिडको-अंबडच्या वर्गांतही भरपूर असते. सातपूरला हिंदी, भोजपुरी. पुस्तकी मराठी हीच अशा मुलाची दुसरी भाषा असते, इंग्रजी तिसरी. प्रात्यक्षिकाच्या सुरुवातीलाच वर्गाचा भाषिक तक्ता करा: प्रत्येक मुलासमोर घरात आई कोणती बोलते, आजी कोणती बोलते. हा एक पानाचा तक्ता पुढच्या प्रत्येक स्वाध्यायात वापरता येतो आणि परदेशी परीक्षकाला तो फार मोलाचा वाटतो, कारण त्यांच्या वाचनात असा वर्ग क्वचित येतो.

---

उच्चारप्रेमी

@पेठरस्ता, कानाचा खेळ अर्थ असलेल्या शब्दांवरच घ्यायचा, हे लिहायचं राहिलं. बॅग, पेन, कप, बस, मग हे शब्द पहिलीच्या मुलाच्या रोजच्या मराठीत आहेतच. तिथून सुरू केलं तर तुमचा आक्षेप बराचसा जातो. सहा महिने अक्षर दाखवायचंच नाही, हे मात्र सेमीच्या पालकसभेत टिकणार नाही.

---

खडूडस्टर

सर्वांचे खूप आभार, हे सगळं उतरवून घेतेय. एक अडचण: दोन ठिकाणी विचारलं तर दोघांनीही पाठाचं रेकॉर्डिंग मागितलं. मुख्याध्यापक 'मुलांचे व्हिडिओ बाहेर जाता कामा नयेत' म्हणतात. आणि स्वाध्याय इंग्रजीत, २५००-३००० शब्दांचे. तिथे काय अपेक्षित असतं?

---

फळ्यापलीकडे

मुख्याध्यापकांचं बरोबरच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. विद्यापीठाची नीतिसमितीही तीच मागते, आणि तिची मंजुरी हातात येईपर्यंत रेकॉर्ड केलेलं काहीही वापरता येत नाही. इथे पुष्कळ जणांचं सत्र वाया जातं: आधी चित्रण, मग अर्ज.

संमतीपत्र मराठीत, एका पानात: काय चित्रित होणार, कोण बघणार, किती दिवस ठेवणार, कधी पुसणार, आणि नकार दिला तर मुलाच्या शिक्षणावर काहीही परिणाम नाही. खाली 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन, नुसती सहीची ओळ नको. ४२ पैकी चार-पाच नकार येणारच. ती मुलं वर्गाबाहेर काढायची नाहीत, कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूच्या बाकांवर बसवायची. कॅमेरा मागच्या कोपऱ्यात ठेवून तुमच्याकडे वळवला तर मुलांच्या पाठी दिसतात, चेहरे नाहीत. बहुतेक मूल्यमापकांना ते चालतं. पण मुलांचे प्रतिसाद ऐकू आले पाहिजेत, म्हणून आवाजाची वेगळी सोय करा: एक मोबाइल तुमच्या गळ्यातल्या पाउचमध्ये आवाज रेकॉर्ड करत, दुसरा मधल्या बाकावर पालथा, खाली रुमाल घालून. रुमाल नसेल तर बाकावरची प्रत्येक पेन्सिल हातोड्यासारखी ऐकू येते. सुरुवातीला एक टाळी वाजवा, दोन्ही रेकॉर्डिंग नंतर त्या टाळीवर जुळवता येतात.

जुलै-ऑगस्टात रेकॉर्डिंग ठेवू नका. पत्र्याच्या छपराखाली पाऊस सुरू झाला की मुलांचा एक शब्द मिळत नाही, आणि इगतपुरी-त्र्यंबककडे तर अतिवृष्टीत शाळाच बंद ठेवाव्या लागतात कधीकधी. शहरात पंखा बंद करा. त्याची घरघर वर्गात असताना जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये सगळं गिळते.

वेळापत्रकाचा घोळ आणखी एक. ब्रिटनचं सत्र सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, आपलं जूनमध्ये. त्यांचा पहिला प्रात्यक्षिक घटक बरेचदा नेमका आपल्या सहामाही परीक्षेवर आणि दिवाळीच्या सुट्टीवर येतो. सुट्ट्यांची यादी प्रवेशाच्या वेळीच पाठवून तारखा मागून घ्या, नंतर सवलत मिळत नाही. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत, त्या दोन महिन्यांत पंचवटीतल्या शाळेत निरीक्षण ठरवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. ऑनलाइन बैठका त्यांच्या संध्याकाळी सहाला असतील तर आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेअकरा, उन्हाळ्यात साडेदहा. हजेरीची सक्ती आहे की रेकॉर्डिंग चालतं, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

---

गोदातीर

स्वाध्यायांबद्दल. आपल्याकडच्या पदवीधराची सवय अशी की आधी व्याख्या, मग 'महत्त्व', मग फायदे-तोटे. पदव्युत्तर पातळीवर याला 'वर्णनात्मक' असा शेरा बसतो आणि गुण काठावर राहतात. त्यांना हवा असतो दावा आणि त्याला तुमच्या वर्गातला पुरावा.

एक उदाहरण घेऊ. 'जितक्या लवकर इंग्रजी, तितकं चांगलं' हे पालकांचं मत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, ते याच धारणेवर. आता बार्सिलोनात कार्मेन मुन्योज आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास पाहा. ८ व्या आणि ११ व्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली, तर शाळेतले तास सारखे झाल्यावर उशिरा सुरू करणारी मुलं पुढे निघाली. कारण शाळेत भाषेचा पुरवठा तोकडा असतो, आणि मोठी मुलं शिकवलेलं लवकर उचलतात. आता तुमचा हिशोब लावा: शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस, रोज एक तास ३५ मिनिटांचा, म्हणजे वर्षभरात सुमारे ११७ घड्याळी तास. त्यातले तुमच्या रेकॉर्डिंगनुसार इंग्रजी प्रत्यक्ष कानावर पडलं ते किती? दहा मिनिटांचा तुकडा घ्या, शब्दशः उतरवा (तास-दीड तास जातो, कंटाळा करू नका), तुमची इंग्रजी वाक्यं, मराठी वाक्यं आणि मुलांनी आपणहून काढलेले इंग्रजी उद्गार वेगवेगळ्या रंगांत रंगवा. हा तक्ता मध्ये ठेवून 'लवकर सुरुवात' या मताची तपासणी केली की स्वाध्यायाचा कणा तयार. व्हायगॉट्स्की आणि ब्रूनर हे मानसशास्त्रज्ञ हवेत तिथे येऊ द्या, नाव घ्यायचं म्हणून नकोत.

मराठी वापरलं हे लपवू नका. वर्गात मराठी कुठे आणि कशासाठी आलं, हे दाखवता आलं तर गुण वाढतात. कथेचा धागा तुटू नये म्हणून एक शब्द मराठीत सांगणं वेगळं, आणि प्रत्येक वाक्याचं भाषांतर करणं वेगळं. दुसऱ्यात मुलं इंग्रजी वाक्य ऐकेनाशी होतात, कारण मराठी येणारच हे त्यांना ठाऊक असतं.

उसन्या वाक्यांबद्दल सावध राहा. साम्य शोधणारं सॉफ्टवेअर सगळीकडे आहे, आणि डी.एड.च्या जुन्या नोट्स आंतरजालावर जशाच्या तशा पडलेल्या आहेत. संदर्भ बहुधा एपीए पद्धतीने, सातवी आवृत्ती. पहिल्या दिवसापासून झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे.

---

सातपूरकर

अवांतर: आधी पाण्याचा अंदाज घ्यायचा असेल तर केंब्रिजच्या टीकेटीतली (शिक्षकांच्या अध्यापन-ज्ञानाची चाचणी) 'यंग लर्नर्स' परीक्षा पाहा. ८० प्रश्न, ८० मिनिटं, निकाल चार बँडमध्ये, नापास असा प्रकार नाही. पदव्युत्तर नाही, प्रात्यक्षिकही नाही, पण परिभाषा पक्की होते आणि पुढच्या प्रवेश मुलाखतीत बोलायला सापडतं. केंद्राकडे तारीख आहे का ते आधी फोनवर विचारा.

---

पेठरस्ता

ताई, एकच भर. मूल्यमापनाच्या घटकात ४२ मुलांची नोंद रोज ठेवायला जाऊ नका, आठवड्यात मोडते. हजेरीपटाच्या क्रमाने रोज पाच मुलं, प्रत्येकाची एकच गोष्ट बघायची: आज हे मूल सूचना ऐकून हललं, की शेजाऱ्याला बघून? दोन आठवड्यांत सगळा वर्ग होतो, एखादा दिवस गैरहजरांसाठी उरतो. या वह्या जपून ठेवा, प्रबंधासाठी कच्चा माल म्हणून त्याच लागतात. मुलांची नावं मात्र पहिल्याच पानापासून म१, म२ अशी घाला, नंतर बदलत बसणं जिकिरीचं होतं.